आईच्या दुधातील विषाणूचा माग घेणारी संशोधक : डॉ. कमल रणदिवे

मार्च २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात करोनाचे रुग्ण आढळले आणि सातारा-सांगलीच्या घराघरांत ‘आरटी-पीसीआर’ हा शब्द रूढ झाला. प्रारंभीच्या दिवसांत घशातील स्रावाचे नमुने पुण्याला पाठवावे लागत. पुढे मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही ही चाचणी होऊ लागली. त्यातील पहिली दोन अक्षरे एका विलक्षण जैविक क्रियेची खूण आहेत. विषाणूच्या आरएनएवरून डीएनए लिहिण्याची ही क्रिया ‘रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, घडवून आणते. या विकराचा शोध करोनाच्या अभ्यासातून लागलेला नाही. १९७० साली ते सापडले ते प्राण्यांमध्ये कर्करोगाच्या गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूंत.

हा शोध लागण्यापूर्वी कितीतरी वर्षे मुंबईच्या परळ भागातील एका प्रयोगशाळेत एक मराठी संशोधिका अशाच एका अर्बुदकारी विषाणूच्या कार्याचा अभ्यास करीत होती. तिचे नाव डॉ. कमल रणदिवे. विकराच्या शोधाचे श्रेय त्यांचे नाही, आणि तसा दावा कोणी केलेलाही नाही. परंतु त्या विकराने ज्या कोड्याची उकल झाली, ते कोडे आयुष्यभर जवळ बाळगणाऱ्या आणि त्यासाठी भारतात प्रयोगशाळा उभी करणाऱ्या मोजक्या शास्त्रज्ञांत त्यांचे स्थान अग्रभागी आहे.

पुण्यातील संस्कार

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक होते. मुलींनीही शिकावे, असे मानणारे ते घर होते. हुजूरपागेत शालेय शिक्षण पूर्ण करून कमल यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातून वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र घेऊन विशेष प्रावीण्यासह पदवी मिळवली. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने यांपैकी काहीच केले नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात तिने पेशींतील गुणसूत्रांचा अभ्यास स्वीकारला आणि १९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या गुणसूत्रांवर प्रबंध लिहून पदव्युत्तर पदवी संपादन केली.

१९३९ साली गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लग्नानंतर शिक्षण थांबण्याचाच तो काळ होता. येथे मात्र उलट घडले. पदव्युत्तर अभ्यासात पतीचे त्यांना मोठे साहाय्य लाभले. पुढे हे कुटुंब मुंबईत स्थायिक झाले आणि कमलताईंना त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविणारी वास्तू भेटली. ती म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय.

परळचे दालन

टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, त्या वेळी परळ-लालबागचा परिसर कापड गिरण्यांच्या भोंग्यांवर चालत असे. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून आलेले हजारो कामगार तेथील चाळींत राहत. गावाकडच्या माणसांसाठी परळ म्हणजे पोटापाण्याचे ठिकाण होते. त्याच परळला पुढे दुसरा अर्थही मिळाला. आजही घाटावरच्या घरात एखाद्याला ‘टाटाला नेले’ असे म्हटले, की दुखणे कोणते हे वेगळे सांगावे लागत नाही.

या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या खानोलकरांना केवळ निदान करणारी प्रयोगशाळा पुरेशी वाटत नव्हती. रोग मुळात का होतो, हा प्रश्न भारतात विचारला गेला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

त्यानंतर त्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. मानवी पेशी शरीराबाहेर काचपात्रात जिवंत ठेवून वाढविण्याच्या तंत्रात गाय यांचा हातखंडा होता. हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली वाढविलेल्या आणि ‘हेला’ नावाने जगभर गेलेल्या पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेतील. ऊतिसंवर्धनाचे हे तंत्र शिकून कमलताई मायदेशी परतल्या.

१९५२ साली परळमध्ये ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’ या संस्थेची स्थापना झाली आणि तेथे कमलताईंनी भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. आज पेशी वाढविण्याचे द्रावण बाटलीत तयार मिळते. त्या काळी ते स्वतःच बनवावे लागे. क्षार, शर्करा, रक्तरस यांचे मिश्रण निर्जंतुक करायचे, काचेचा प्रत्येक तुकडा पुनःपुन्हा धुवायचा आणि एवढे करूनही बुरशीचा एक कण आत शिरला, तर कित्येक आठवड्यांच्या श्रमावर पाणी सोडायचे. कमलताईंनी आपल्या सहाय्यकांकडून ही सारी सामग्री येथेच तयार करवून घेतली. परदेशी वस्तूंची वाट पाहत बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

दुधातील कोडे

कमलताईंच्या संशोधनाचा मुख्य विषय होता स्तनांचा कर्करोग. या विषयाचे एक मोठे कोडे तोवर उंदरांनी घातलेले होते. उंदरांच्या काही वाणांत बहुतेक माद्यांना उतारवयात स्तनांच्या गाठी होत. अन्य वाणांत त्या क्वचितच आढळत. आईला गाठ तर मुलीलाही गाठ, असे दिसत असल्याने हा दोष आनुवंशिक असावा, असे प्रथम वाटले. परंतु १९३६ साली अमेरिकेतील जॉन बिटनर यांनी एक साधा प्रयोग केला. कर्करोगप्रवण वाणाची नवजात पिले त्यांनी निरोगी वाणाच्या आईच्या दुधावर वाढविली. या पिलांत गाठींचे प्रमाण एकदम घटले. रक्ताचे नाते तेच होते. बदलले होते ते केवळ दूध. दुधातून काहीतरी उतरत होते. पुढे हा घटक विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

पण एवढ्याने कोडे सुटले नाही. एकाच विषाणूची लागण होऊनही सर्व वाणांत गाठी सारख्या प्रमाणात होत नसत. म्हणजे आनुवंशिकतेचाही वाटा होता. शिवाय नरांना विषाणू असूनही सहसा गाठ होत नसे आणि वारंवार गाभण राहणाऱ्या माद्यांत धोका वाढे. म्हणजे संप्रेरकांचाही हात होता. आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचा परस्परांशी संबंध काय? एकावर दोष ढकलून मोकळे होणे सोपे होते. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिन्ही धागे एकत्र तपासण्याचा अवघड मार्ग धरला. उंदरांच्या निरनिराळ्या वाणांची तुलना, दूधआई बदलण्याचे प्रयोग, संप्रेरकांचे परिणाम आणि काचपात्रात वाढविलेल्या पेशी, अशी ही चौफेर मांडणी होती. संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा उंदरांचा एक कर्करोगप्रवण वाणही या संशोधनाच्या कामी आला. उंदराचे आयुष्य दोन-अडीच वर्षांचे. त्यामुळे एका प्रश्नाचे उत्तर मिळायलाच तेवढी वर्षे लागत. या कामाला चिकाटी हाच मोठा आधार होता.

उलट्या दिशेचे लेखन

तिकडे पाश्चात्त्य जगात दुसऱ्याच बाजूने या कोड्याला हात घातला जात होता. पेटन राऊस यांनी १९११ साली कोंबडीची गाठ विषाणूमुळे होऊ शकते असे दाखवले होते. त्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळायला त्यांना १९६६ साल उजाडावे लागले. या विषाणूंची आनुवंशिक सामग्री आरएनएची असते. पेशीची डीएनएची. पेशीत माहिती डीएनएकडून आरएनएकडे जाते, हे जीवशास्त्राचे तेव्हा पायाभूत मानले गेलेले सूत्र होते. मग आरएनएचा विषाणू पेशीला कायमचे कसे बदलतो, आणि पेशीच्या पुढच्या पिढ्यांतही तो बदल कसा टिकतो?

विस्कॉन्सिन विद्यापीठातील हॉवर्ड टेमिन यांनी १९६४ साली असे प्रतिपादन केले, की विषाणू आपल्या आरएनएवरून डीएनएची प्रत तयार करवतो आणि ती पेशीच्या डीएनएत जाऊन बसते. या विचाराची बहुतेकांनी उपेक्षा केली. परंतु १९७० साली टेमिन व सातोशी मिझुतानी यांनी राऊसच्या विषाणूत, तर डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे उंदराच्या ल्युकेमियाच्या विषाणूत हे काम करणारे विकर शोधून काढले.

विकराची ओळख पटविण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. शुद्ध केलेल्या विषाणूकणांचे आवरण साबणासारख्या द्रव्याने सैल करायचे. त्यात डीएनएचे चारही घटक घालायचे आणि त्यांपैकी एक किरणोत्सारी ठेवायचा. डीएनए तयार होत असेल, तर किरणोत्सार नव्या साखळीत अडकतो व मोजता येतो. मग आरएनए नष्ट करणारे द्रव्य आधीच मिसळून पाहायचे. तसे केल्यावर साखळी बनणे थांबले, तर साचा आरएनएचाच होता हे सिद्ध होते. पुढील तपासणीत या विकराचे आणखी गुण उघड झाले. ते कोऱ्या पाटीवर लिहू शकत नाही. आरंभासाठी त्याला एक छोटा तुकडा लागतो. वापरून झालेला आरएनएचा साचा ते स्वतःच तोडते. लिहिताना त्याच्या चुका होतात आणि त्या दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे नसते. उंदरांच्या स्तनार्बुदाच्या विषाणूतही हे विकर आढळले. ल्युकेमियाच्या विषाणूचे विकर मँगनीजच्या सान्निध्यात अधिक कार्यक्षम, तर स्तनार्बुदाच्या विषाणूचे मॅग्नेशियमच्या सान्निध्यात, हा फरक विषाणू ओळखण्याची खूण म्हणून वापरला जाऊ लागला. १९७५ सालचे नोबेल पारितोषिक टेमिन, बाल्टिमोर आणि रेनातो दुल्बेको यांना विभागून मिळाले.

परळच्या प्रयोगशाळेतील तीन धागे या विकराने एकत्र बांधले. विषाणू डीएनएच्या रूपाने पेशीत कायमचा घर करतो. आणि हे घर अंडपेशीत किंवा शुक्रपेशीत झाले, तर विषाणू दुधावाचूनही पुढच्या पिढीत उतरतो. आनुवंशिकता आणि संसर्ग ही दोन वेगळी दारे नाहीत, हे त्यातून उमगले. १९८०च्या दशकात पुढचे दुवे मिळाले. या विषाणूच्या डीएनएत संप्रेरकांना प्रतिसाद देणारा भाग असतो. म्हणूनच गर्भारपणात व स्तनपानाच्या काळात विषाणू जोमाने वाढतो. तो ज्या ठिकाणी जाऊन बसतो, तेथील शेजारचे जनुक अवेळी जागे होते आणि पेशींची वाढ बेबंद होते, हे रोएल नुस व हॅरोल्ड व्हार्मस यांनी १९८२ साली दाखवले. तिन्ही घटकांना एकत्रच पाहिले पाहिजे, ही कमलताईंची दृष्टी योग्य होती, याची साक्ष यातून मिळाली.

मानवाबाबतचा प्रश्न

या शोधांनी साहजिकच एक धसका घेतला गेला. उंदरांत दुधातून कर्करोग उतरतो, तर माणसांत काय? मुंबईच्या पारशी समाजात स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक आढळे. कमलताईंच्याच संस्थेतील डॉ. सत्यवती शिरसाट आणि टाटा रुग्णालयातील डॉ. पेमास्टर यांच्या सहभागाने झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात पारशी स्त्रियांच्या दुधाची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली. काही नमुन्यांत उंदरांच्या विषाणूसारखे दिसणारे कण आढळल्याचे १९७१ साली प्रसिद्ध झाले. दुधातील अशा कणांत उलटे लेखन करणाऱ्या विकराची क्रिया दिसल्याचेही त्याच वर्षी जाहीर झाले. जगभर खळबळ उडाली. स्तनांच्या कर्करोगाची लस दूर नाही, अशी आशा निर्माण झाली.

ती आशा फळाला आली नाही. असा विषाणू स्त्रियांमध्ये कर्करोग घडवतो, हे सिद्ध झालेले नाही. स्तनपानातून मुलीला कर्करोग लागतो, याला कोणताही आधार नाही. उलट, स्तनपान आईच्याच रक्षणासाठी उपकारक ठरते. ३० देशांतील अभ्यासांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आईला स्तनांचा कर्करोग होण्याचा धोका सुमारे ४.३ टक्क्यांनी घटतो. आनुवंशिकतेचा धागा मात्र माणसांतही खरा ठरला. १९९४ साली ‘बीआरसीए-१’ या जनुकाचा शोध लागला आणि आई, मावशी, बहीण यांना हा रोग असलेल्या काही घराण्यांत धोका का वाढतो, याचा उलगडा झाला. स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असल्याचे भारतात प्रथम मांडणाऱ्यांत कमलताईंचे नाव घेतले जाते. आजही घरात असा इतिहास असलेल्या स्त्रीने गाठीकडे दुर्लक्ष न करता वेळीच तपासणी करून घेणे, हाच त्या साऱ्या संशोधनाचा व्यवहारातील निष्कर्ष आहे.

विकराचा दुसरा जन्म

ज्या विकराने मानवी स्तनकर्करोगाबाबत निराशा केली, त्याने दुसऱ्या एका रोगात मात्र हात दिला. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एड्सचा विषाणू प्रथम लक्षात आला तो याच विकराच्या क्रियेमुळे. १९८७ साली मान्यता मिळालेले एड्सवरील पहिले औषध याच विकराला अडविणारे होते. सांगलीकरांना हा इतिहास परका नाही. एचआयव्हीचे प्रमाण मोठे असलेल्या जिल्ह्यांत सांगलीची गणना होत असे आणि १९९२ साली स्थापन झालेल्या ‘संग्राम’ संस्थेने तेथील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रतिबंधाचे काम सुरू केले. एप्रिल २००४ पासून शासनाने मोफत औषधोपचार सुरू केले. त्यातील प्रमुख गोळ्या विषाणूचे हे उलटे लेखन रोखतात. करोनाच्या चाचणीसंचांतही बहुधा उंदराच्या ल्युकेमियाच्या विषाणूपासून मिळालेल्या विकराचेच सुधारलेले रूप वापरले जाते. उंदीर आणि कोंबड्यांच्या गाठींवर आयुष्य वेचणाऱ्यांचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना याहून स्पष्ट उत्तर नाही.

संस्था आणि माणसे

कमलताईंचे काम कर्करोगापुरते सीमित राहिले नाही. कुष्ठरोग्यांच्या गाठींतून वेगळा काढलेला जंतू प्रयोगशाळेत वाढविण्याच्या प्रयत्नांत डॉ. बापट व डॉ. खानोलकर यांच्यासह त्यांचाही वाटा होता. हे संशोधन १९५८ साली प्रसिद्ध झाले. पुढे याच जंतूपासून कुष्ठरोगाची लस तयार झाली. या कार्यासाठी १९६४ साली त्यांना वाटुमल पारितोषिक लाभले. १९६६ ते १९७० या काळात त्यांनी संस्थेच्या संचालकपदाची जबाबदारी सांभाळली. कर्कजनन, पेशीविज्ञान आणि प्रतिकारशास्त्र हे विभाग त्यांच्या पुढाकाराने उभे राहिले. परदेशी शिकायला गेलेल्या तरुण संशोधकांनी परत यावे, यासाठी त्या प्रयत्नशील असत. १९८२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

१९७३ साली त्यांनी सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांसह ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ची स्थापना केली. संसार आणि संशोधन यांच्या ओढाताणीत बुद्धिमान मुली मागे पडतात, हे त्यांनी जवळून पाहिले होते. म्हणून या संस्थेने केवळ ठराव केले नाहीत. वाशी येथे वसतिगृहासारख्या प्रत्यक्ष सोयी उभ्या केल्या.

उत्तरायुष्यात त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून डोंगराळ भागात गेल्या. तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात ‘सत्यनिकेतन’ संस्थेच्या साहाय्याने त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा केली, ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले. वरकरणी ही वाट वेगळी वाटेल. परंतु आईकडून मुलापर्यंत काय पोहोचते, हाच तेथेही प्रश्न होता; फरक इतकाच, की येथे उत्तर सूक्ष्मदर्शकाखाली शोधावे लागत नव्हते. ते रिकाम्या ताटात दिसत होते आणि त्यावर उपायही माहीत होता. तो पोहोचविणे एवढेच बाकी होते.

२००१ साली डॉ. कमल रणदिवे यांचे निधन झाले. त्यांनी वाढविलेली संस्था पुढे खारघर येथे विस्तारली. आज जनुकांची चाचणी काही दिवसांत होते आणि पेशी वाढविण्याचे द्रावण मागविता क्षणी मिळते. हे काहीही हाताशी नसताना, ज्या विकराचे नावही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते त्याच्या परिणामांची नोंद परळच्या त्या दालनात पिंजऱ्यामागून पिंजरा, वर्षामागून वर्ष होत राहिली. पुढे उत्तर आले, तेव्हा ते पडताळून पाहण्यासाठी भारतात प्रयोगशाळा होती आणि प्रश्न समजणारी माणसेही होती. या दोन्ही गोष्टी आपोआप घडत नाहीत. त्या कोणाला तरी घडवाव्या लागतात.